तक्रार करणारा वाचक

ग्रंथाच्या इतिहासात लेखकाला मान मिळतो, मुद्रकालाही थोडाफार मिळतो. वाचकाला मात्र कोणी विचारीत नाही. छापून आलेले पुस्तक त्याने आहे तसे घ्यावयाचे, फार तर शुद्धिपत्र पाहून पेन्सिलीने दुरुस्त्या करावयाच्या, एवढाच त्याचा अधिकार. संगणकाच्या पडद्यावर कागद वाचण्याचे युग आले तेव्हा हा अधिकार वाढला की घटला, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आज सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचे वेळापत्रक, न्यायालयाचा निवाडा ही सारी पीडीएफच्या रूपाने हाती येतात. तो कागद ज्या सॉफ्टवेअरमधून दिसतो ते कोण सुधारतो आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे पाहणे म्हणजे वाचकाच्या अधिकाराचाच इतिहास पाहणे होय.

आरंभ अमेरिकेत झाला. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अ‍ॅडोबी ही कंपनी काढली. एका यंत्रावर तयार झालेला कागद दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा, ही कल्पना वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ या नावाच्या टिपणात मांडली; आणि १९९३ साली पीडीएफ व त्यासाठीचे अ‍ॅक्रोबॅट बाजारात आले. वाचण्यापुरते सॉफ्टवेअरही प्रथम विकतच घ्यावे लागे. ते फुकट झाले तेव्हा त्याचा झपाट्याने प्रसार झाला. परंतु फुकट मिळणे वेगळे आणि बदलता येणे वेगळे. या सॉफ्टवेअरचा वाचक तक्रार करू शके. दुरुस्ती मात्र कंपनीच्याच हाती राही.

एक दार तेवढे उघडे होते. पीडीएफची रचना कशी असते, याचे वर्णन कंपनीने आरंभापासूनच प्रसिद्ध केले होते. त्याच्या आधारे डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ साली एक्सपीडीएफ लिहिले व त्याचा सोर्स कोडही सर्वांना खुला केला. अनेकांनी तो घेतला आणि आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसविला. येथे नवीच अडचण उभी राहिली. मूळ कोडात सुरक्षिततेचा दोष सापडला की, तो जेथे जेथे उतरला होता तेथे तेथे वेगवेगळा दुरुस्त करावा लागे. पोथीची चूक प्रत्येक नकलेत उतरावी, तसाच हा प्रकार. यावर उपाय म्हणून २००५ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सपीडीएफवरून पॉप्लर हा सामाईक संच वेगळा काढला. दुरुस्ती एका ठिकाणी व्हावी आणि लाभ सर्वांना मिळावा, हा त्यामागचा हेतू.

वाचकाचे म्हणणे नेहमी दोषाविषयीच असते असे मात्र नाही. कधी त्यात हक्काचा तंटा असतो. पीडीएफ तयार करणारा त्यात ‘मजकूर उचलू नये’, ‘छापू नये’ अशा खुणा घालू शकतो. त्या पाळावयाच्या की नाही, हे शेवटी वाचनाच्या सॉफ्टवेअरनेच ठरवावयाचे असते. नूनबर्ग यांनी त्या पाळल्या. ओक्युलर या सॉफ्टवेअरमध्ये त्या पाळाव्या की न पाळाव्या, याची निवड वाचकाकडे ठेवली गेली. तरी प्रारंभी ती कोणत्या बाजूला असावी यावरून २००९ साली डेबियनच्या मंडळींत चांगलाच वाद झाला. लेखकाचा शब्द मोडू नये, हे एका पक्षाचे म्हणणे. माझ्या यंत्राने माझी आज्ञा मानावी, हे दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आमच्या मते लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हा वाद उघड्यावर झाला आणि सामान्य वाचकाला त्यात बोलता आले.

तक्रारीचे मोल कसे टिकते, याचे उत्तम उदाहरण मोझिलाच्या पीडीएफ जेएस या सॉफ्टवेअरचे आहे. २०११ साली त्याचे काम सुरू झाले व २०१३ पासून ते फायरफॉक्समध्ये आपोआप येऊ लागले. एखादा कागद नीट दिसत नाही अशी तक्रार आली की, शक्य तेव्हा तो कागदच मागून घेतात आणि तक्रारीच्या क्रमांकाने साठवून ठेवतात. पुढे कोडात बदल करताना असे जुने कागद पुन्हा उघडून, चित्र पूर्वीसारखेच उमटते ना, हे ताडून पाहतात. एकाचे दुखणे बरे करताना दुसऱ्याचे उलटू नये, यासाठी ही खबरदारी. वाचकाची एक तक्रार अशा रीतीने कायमची साक्षीदार होऊन बसते.

मराठी वाचकाला या इतिहासातून काही घ्यावयाचे आहे. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात. कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर, याची कोष्टके वेगळी जोडावी लागतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण काढली जाते आधी. जोडाक्षराची तर पुष्कळदा एकच आकृती होते. कोष्टक सदोष असले की कागद डोळ्यांना शुद्ध दिसतो, परंतु त्यात शोधलेला शब्द सापडत नाही आणि उचललेला परिच्छेद निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. दृष्टिहीन वाचकाला तो ऐकविणारे यंत्रही तेथेच अडखळते. दोष कधी वाचनाच्या सॉफ्टवेअरचा असतो, कधी कागद तयार करणाऱ्याचा. कोणाचा, हे नमुना हाती आल्यावाचून ठरत नाही.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढे म्हणून कपाळाला हात लावल्याने ही दुरुस्ती व्हावयाची नाही. कोणता कागद, कोणते पान, कोणता शब्द, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, इतके नेमके लिहून, कागद खाजगी नसेल तर तो सोबत जोडून, वाचकाने पाठविले पाहिजे. पेन्सिलीची दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या प्रतीपुरती राहत असे. ही दुरुस्ती सर्वांच्या प्रतींत उतरू शकते. वाचकाचा अधिकार वाढला आहे खरा, परंतु तो वापरणाऱ्यापुरताच.