भिंतीतले भोक

डोंबिवलीतील एका स्नेह्यांच्या नव्या घरी आम्ही नुकतेच गेलो होतो. दिवाणखान्यात गारवा होता. यंत्र मात्र कुठे दिसेना. उभ्या लाकडी पट्ट्यांची एक जाळी भिंतीवरून छतापर्यंत गेली होती, तिच्यामागे ते बसवलेले. आम्हांला ते सापडत नाही हे पाहून यजमान प्रसन्न झाले.

गारवा हवा, त्याचे साधन दिसायला नको, ही इच्छा काही आजची नव्हे. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपीत. त्यांचा सुवासच त्यांची वर्दी देई. ठाणे-कल्याणच्या दमट खाडीवाऱ्यात पाणी लवकर वाळत नाही, म्हणून ताटीचा उपयोगही बेताचाच. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत आणि बंगल्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जाई आणि ती ओढणारा माणूस तिथे बसे. झुळूक आत, माणूस बाहेर.

दमटपणावरचा उतारा निघाला तो छापखान्यात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात ओलाव्याने कागद फुगे-आकसे आणि रंग जागेवर बसत नसत. त्यासाठी १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअराने हवा कोरडी करणारी यंत्रणा आखली. माणसांचा घाम तिच्या हिशेबात नव्हता. (साहित्याच्या अभ्यासकांनी छापखान्याचे हेही ऋण मानावे.) आपल्याकडे १९५४ साली टाटा आणि स्विस व्होल्कार्ट बंधू यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली, तिचा कारखाना पुढे ठाण्यातच, पोखरण रस्त्यावर होता. खिडकीतला एसी तेव्हा रस्त्यावरून दिसे, आणि तो दिसावा अशीच मालकाची इच्छा असे. पुढे स्प्लिट आला, यंत्राचे दोन तुकडे झाले, गरम आणि गोंगाटाचा भाग बाहेर गेला. मग आतला पांढरा डबाही डोळ्यांत खुपू लागला.

असो. भिंतीवरचे यंत्र वरून हवा ओढते. जाळी दाट असली की सोडलेला गारवा कोनाड्यातच फिरून पुन्हा यंत्रात शिरतो. खोली गार झाली असे समजून यंत्र थांबते. छतात दडवावे, तर नऊ-साडेनऊ फुटी खोलीतला फूटभर पीओपीला द्यावा लागतो. शिवाय सफाईसाठी झडप हवी. आमच्या यजमानांच्या जाळीला ती नव्हती; पहिल्याच सर्व्हिसिंगला सुताराला बोलवावे लागले म्हणे.

निघताना गॅलरीत गेलो. भिंतीतल्या भोकातून तांब्याची नळी बाहेर आली होती. तिच्या टोकाचे धूड समोरच्या इमारतीकडे तोंड करून गरम वारा सोडत होते. समोरच्या खिडकीत कुणीतरी पडदा ओढून घेतला.