दोन कादंबऱ्यांच्या मधली वर्षं

‘सध्या काय लिहिताय?’

लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, गेले काही महिने हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. फेब्रुवारीत माझ्या तिसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकांकडे गेलं. तेव्हापासून मी खरं उत्तर देते, ‘काहीही नाही.’ समोरच्याचा चेहरा जरा पडतो. कुणी तब्येतीची चौकशी करतं. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीने मात्र ही संधी साधली. ‘तुम्ही सध्या मोकळ्याच आहात ना, मग एक लेख द्या की!’

मोकळी आहे हे खरंच. सकाळचा दुसरा चहा गरम असताना प्यायला मिळतो. पंधरा वर्षं खोक्यात पडलेले फोटो लावून झाले. कुंड्यांची माती बदलली. दुपारी पंख्याखाली पडून नुसता कबुतरांचा आवाज ऐकते आणि त्याबद्दल मनाला टोचणी लागत नाही. कादंबरी चालू असताना डोक्यात सतत पाचसहा माणसं बोलत असतात. ती आपापल्या घरी गेली की जी शांतता पसरते, ती मी सध्या उपभोगते आहे.

पण ‘मोकळी’ हा शब्द डोक्यात राहिला. आपल्या भाषेतल्या कादंबरीकारांना अशी मोकळी वर्षं मिळाली का? मिळाली तर त्यांनी काय केलं? कपाटातली पुस्तकं काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवते.

सुरुवात आपल्या पुण्याच्या हरिभाऊ आपट्यांपासून. हरि नारायण आपट्यांचा जन्म 1864 चा, मृत्यू 1919 चा. 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवलं. ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचकांना मिळाली ती याच साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्याने. आठवडा उलटला की पुढचं प्रकरण तयार हवं! शिवाय आनंदाश्रम संस्थेचं काम होतं, नगरपालिकेतलं काम होतं. एक कादंबरी संपते न संपते तोच पुढची सुरू. म्हणजे ज्यांना आपण मराठी कादंबरीचा पाया घालणारे म्हणतो, त्यांना दोन कादंबऱ्यांच्या मधली मोकळीक फारशी मिळालीच नाही. आमचे प्रकाशक फोन करतात तेव्हा मी हरिभाऊंची आठवण काढते आणि मुकाट्याने ऐकून घेते.

वि. स. खांडेकरांचं वेगळं. 1930 ते 1942 या काळात त्यांच्या एकापाठोपाठ एक कादंबऱ्या आल्या. 1942 मध्ये ‘क्रौंचवध’ आली आणि मग कादंबरी थांबली. पुढची ‘अश्रू’ आली ती 1954 मध्ये. मधली बारा वर्षं! लेखणी काही बंद नव्हती, कथा आणि लघुनिबंध चालूच होते. पण ज्या प्रकाराने त्यांना घराघरांत नेलं, तो प्रकार बाजूला राहिला होता. ‘अश्रू’नंतर पाच वर्षांनी, 1959 मध्ये ‘ययाति’ आली. पुढे 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. ती बारा वर्षं नसती तर ‘ययाति’ झाली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. पण या माणसाने थांबून पाहिलं होतं, एवढं नक्की.

भालचंद्र नेमाड्यांनी तर सगळ्यांवर मात केली. ‘कोसला’ 1963 ची. मग बारा वर्षांनी ‘बिढार’, 1975 मध्ये. ‘जरीला’ आणि ‘झूल’ लागोपाठ आल्या, 1977 आणि 1979 मध्ये. त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’, तिला 2010 उजाडलं. एकतीस वर्षं! तेवढ्यात आपल्यासारखी एक सोसायटी बांधून होते, तिचा रौप्यमहोत्सव होतो आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा वादही मिटत येतो. अर्थात तेही रिकामे बसले नव्हते. अध्यापन चालू होतं, ‘टीकास्वयंवर’सारखा समीक्षाग्रंथ याच काळातला. पण वाचक म्हणून आम्ही ‘हिंदू’ची वाट पाहत होतो आणि त्या वाट पाहण्याचाही एक मान होता. लेखक गप्प आहे म्हणजे काहीतरी मोठं घडतंय, असं आम्ही धरून चालायचो.

इथपर्यंत आले आणि थबकले. हा मान बायकांच्या गप्प वर्षांना कधी मिळाला का?

काशीबाई कानिटकर 1861 च्या. नवव्या वर्षी लग्न झालं. सासरच्या भरल्या घरात वडीलधाऱ्यांची नजर चुकवून त्या वाचायला शिकल्या. पुढे डॉ. आनंदीबाई जोश्यांचं चरित्र लिहिलं, कथा लिहिल्या. हरिभाऊंशी त्यांचा स्नेह होता, पत्रव्यवहार होता. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी आधी मासिकातून आली आणि 1903 मध्ये तिचं पुस्तक झालं. दुसरी कादंबरी ‘पालखीचा गोंडा’ 1928 ची. दोन तारखांची वजाबाकी केली आणि मी उठून बसले. बरोबर पंचवीस वर्षं! बायकांच्या हाती एका संस्थानाचा कारभार आला तर काय काय होऊ शकेल, त्याचं स्वप्न त्या कादंबरीत आहे. नेमाड्यांच्या एकतीस वर्षांची चर्चा आपण सगळे करतो. काशीबाईंची ही पंचवीस वर्षं मी आजवर कधी मोजलीही नव्हती. आणि मी स्वतः कादंबरीकार म्हणवते!

दुसऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या, म्हणजे अगदी आपल्या शेजारच्याच. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि ही टोपणनावाची बाई आहे तरी कोण म्हणून गदारोळ झाला. 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’, 1935 मध्ये ‘विरलेले स्वप्न’. मग ‘बळी’ थेट 1950 मध्ये. पंधरा वर्षांची ही फट कुणाला दिसली तर तो म्हणेल, लग्न झालं, संसारात पडल्या, लिखाण मागे पडलं. पण त्या मधल्या काळात त्यांनी सोलापूरला, इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत काम केलं होतं. ‘बळी’ तिथूनच आली. कागदावर जी रिकामी वर्षं दिसतात, त्यांतच ती कादंबरी जगून झाली होती.

म्हणजे मधली वर्षं रिकामी नसतात, हे एक. आणि दुसरं असं की घरातली शांतता आपोआप मिळत नाही. ती कुणीतरी देतं. बहुतेक वेळा देणाऱ्याचं नाव कुठे छापलेलं नसतं. हे लिहिलं आणि लेखाचा उरलेला भाग मला वेगळ्याच दिशेला घेऊन गेला.

आम्ही 2000 च्या जूनमध्ये इथे राहायला आलो. रस्ता झालेला नव्हता, बी विंगची लिफ्ट बसायची होती, टँकरने पाणी यायचं. मुलगी तीन वर्षांची. माझ्या पहिल्या कादंबरीची चार प्रकरणं एका वहीत पडून होती आणि पाचवं लिहायला सलग तासभर मिळत नव्हता. एके दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पोरीला दुपारी माझ्याकडे सोडत जा गं. दोन ते चार.’ मी सोडायला लागले. साडेतीन वर्षं, रविवार सोडून रोज. काकूंनी एकदाही काही विचारलं नाही. 2004 मध्ये कादंबरी आली. आपल्या क्लब हाऊसमध्ये छोटासा समारंभ झाला, अनेकांना आठवत असेल.

मागच्या आठवड्यात ते पुस्तक पुन्हा उघडलं. ऋणनिर्देशाचं पान आहे. त्यात प्रकाशक आहेत, ग्रंथालय आहे, दोन प्राध्यापक आहेत, आमचे हे आहेत. मुखपृष्ठकार आहेत. काकू नाहीत. दुसऱ्या आवृत्तीतही नाहीत. मला सुचलंच नव्हतं. ज्या दोन तासांत पुस्तक लिहिलं गेलं, ते दोन तास मला हवेसारखे वाटले होते, असतातच म्हणून असणारे.

काकू आता शहाऐंशीच्या आहेत. नजर गेलीय म्हटलं तरी चालेल. या मोकळ्या महिन्यांत मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसते आणि हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो’ वाचून दाखवते. यमूच्या सासरची प्रकरणं आली की काकू मोठ्यांदा शिव्या घालतात. परवा मी धीर करून ऋणनिर्देशाचं सांगितलं. म्हटलं, ‘काकू, तुम्ही नसतात तर ते पुस्तक झालं नसतं आणि मी तुमचं नावही घातलं नाही.’

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, तू लिहीत बसायचीस होय? मला वाटायचं, तू झोपतेस.’

मला हसू आलं आणि मग येईना. त्या पुढे म्हणाल्या, ‘किती वाळली होतीस तेव्हा. म्हटलं, पडूदे बिचारीला घटकाभर. आमच्या वेळी कोण म्हणत होतं पड म्हणून?’

काकूंनी कादंबरीला वेळ दिला नव्हता. एका दमलेल्या बाईला झोप दिली होती, तिने काही करून दाखवावं अशी अट न घालता. काशीबाईंना, मालतीबाईंना असं म्हणणारं कुणी भेटलं होतं का, मला ठाऊक नाही. भेटलं असेल तर त्यांचीही नावं कुठे छापलेली नसणार. या लेखात नाव घालते म्हटलं, तर काकूंनी ‘मुळीच नको, सगळे येतील विचारायला’ म्हणून बजावलंय. म्हणून घातलेलं नाही. पण बी विंगमध्ये ज्यांची मुलं त्यांच्याकडचा गूळ-शेंगदाणा खाऊन मोठी झाली, त्यांना त्या कोण ते कळेलच.

आपल्या सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिलाच आहे. भूमिपूजन, कन्व्हेयन्स, सोलर, बोअरवेल, सगळं तारीखवार आहे आणि ते हवंच. त्याच्या शेजारी ही एक नोंद असू द्यावी, की या इमारतीत साडेतीन वर्षं दुपारी दोन ते चार एक दार उघडं होतं.

प्रकाशकांना मी सांगितलंय, यंदा नवीन काही नाही. लिफ्टमधल्या प्रश्नाचं उत्तरही तेच. मात्र ज्या कुणाच्या घरी लहान मूल आहे आणि जिला किंवा ज्याला दुपारचे दोन तास हवे आहेत, त्यांनी ते मूल खुशाल आमच्याकडे सोडावं. त्या वेळात लिहा, अभ्यास करा, नाहीतर सरळ झोपा. मी विचारणार नाही. वर्षभर तरी मी मोकळी आहे.