उतारा कोठें शोधावा?

घरांत कोणी विष प्यालें आहे. उतारा ग्रंथांत आहे, पण कोणत्या भागांत तें वैद्यास आठवत नाहीं. अशा वेळीं ग्रंथ कितीहि थोर असला तरी त्याचा उपयोग काय? या अडचणीचा विचार रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस यानें इ. स. ४७ च्या सुमारास केला. ४३ सालीं सम्राट् क्लॉडियसबरोबर ब्रिटनच्या स्वारींत गेलेला हा गृहस्थ. पुढें त्यानें औषधयोगांचा संग्रह लॅटिन भाषेंत रचून कॅलिस्टस नांवाच्या वजनदार दरबारी अधिकाऱ्यास अर्पण केला.

त्या काळचा ग्रंथ म्हणजे पपायरसची लांबलचक गुंडाळी. अमुक पृष्ठ पाहा म्हणावें तर पृष्ठेंच नाहींत! शिवाय प्रत्येक प्रत हातानें लिहिलेली. एकींतली जागा दुसरींत जुळावयाची नाहीं. म्हणून स्क्रिबोनियसनें जागेला नव्हे, तर मजकुरालाच क्रमांक दिले, आणि कोणत्या विकारावर कोणते योग याची क्रमवार यादी आरंभीं जोडली. हवें तें सहज सांपडावें, हा हेतु त्यानें अर्पणपत्रिकेंत स्पष्ट सांगितला आहे. (आपल्या सुश्रुतसंहितेंतहि १२० अध्यायांची यादी सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे, ती पद्यांत असल्यानें मुखोद्गत करावयास सोपी.)

मजकुराचा क्रम त्यानें रोग्याच्या देहावरून घेतला: आधीं डोकें, शेवटीं पाय. मग विषें व दंश यांवरील उतारे, नंतर लेप. आजच्या छापील प्रतींत अशीं २७१ प्रकरणें आहेत. विजेचा धक्का देणारा जिवंत मासा ११ व्या प्रकरणांत डोकेंदुखीवर येतो, आणि १६२ व्यांत पुन्हा पायाच्या वातरक्तावर. रोग्यानें ओल्या समुद्रकिनाऱ्यावर त्यावर पाय देऊन गुडघ्यापर्यंत बधिरता येईतों उभें राहावयाचें. पुनरुक्ति खरी, पण पाय दुखणारा मनुष्य डोक्याचें प्रकरण कशाला उघडील?

त्याच शतकांत डायोस्कोरिडीसनें पांच भागांचा ग्रीक औषधिग्रंथ लिहिला. त्याची मांडणी द्रव्यांनुसार. अभ्यासाला उत्तम, परंतु रोगी समोर कण्हत असतां गैरसोयीची.

शेतकीवर लिहिणाऱ्या कोलुमेलानें सर्व भागांची विषयसूचि दिली, ती ११ व्या भागाच्या शेवटीं. प्रसंग पडेल तेव्हां काय कोठें शोधावें व कोणतें काम कसें करावें हें सांपडावें, असा त्याचा उद्देश. मात्र सूचीसाठींच गुंडाळी अखेरपर्यंत उलगडावी लागे! प्लिनीनें ७७ सालीं ३७ भागांच्या आपल्या सृष्टिवर्णनाचा सबंध पहिला भाग सूचीसाठीं राखला. युवराज टायटसला सारा ग्रंथ वाचण्याचे श्रम पडूं नयेत, हें त्याचें निमित्त. आपल्यापूर्वीं व्हॅलेरियस सोरानस यानें असें केलें होतें, हेंहि तो प्रांजळपणें नोंदवितो.