सुट्या भागांचा संगणक

पंचवीस वर्षांपूर्वी घरात संगणक घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असे : ब्रँडेड घ्यायचा की असेम्बल्ड? धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कुठेही जा, प्रश्न हाच. ब्रँडेड म्हणजे कंपनीच्या खोक्यातून आलेला, महाग आणि वॉरंटीचा. असेम्बल्ड म्हणजे कॅबिनेट एकीकडचे, मदरबोर्ड दुसरीकडचा, हार्ड डिस्क तिसरीकडची, आणि हे सगळे आपल्या ओळखीच्या कुणीतरी स्क्रू पिळून जोडलेले. माझ्या पाहण्यात शिक्षकांच्या, वकिलांच्या, झेरॉक्सवाल्यांच्या घरी-दुकानी आलेले पहिले संगणक बहुतेक दुसऱ्या जातीचे होते.

तरीही आपल्या जिल्ह्यात संगणक कसा आला असे विचारले की उत्तर २००१ सालच्या एमएस-सीआयटीपासून सुरू होते. ते चुकीचे नाही, पण ते संगणक वापरणाऱ्यांच्या बाजूने दिलेले उत्तर आहे. जोडणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर गोष्ट बरीच मागे जाते, आणि ती 'किट' या शब्दापाशी येऊन थांबते.

घरचा संगणक मुळात किट म्हणूनच जन्मला. जानेवारी १९७५ च्या अमेरिकी 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. त्याला ना पडदा होता ना कळफलक. पुढच्या पाटीवर खटके आणि दिवे, बस. इंग्लंडात १९८० च्या सुरुवातीला क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने झेडएक्स-८० आणला. जोडून तयार हवा असेल तर ९९.९५ पौंड, सुट्या भागांचा हवा असेल तर ७९.९५. मधले वीस पौंड ही गिऱ्हाइकाच्या हातांची मजुरी. तेव्हा पौंडाला साधारण १८ रुपये पडत; म्हणजे किटची किंमत कागदावर साडेचौदाशेच्या आसपास. कागदावर म्हणायचे कारण उघड आहे. १९७३ च्या फेरा कायद्याच्या काळात धाराशिवमधल्या माणसाने वीस-पंचवीस पौंडसुद्धा टपालाने परदेशी धाडणे सरळ काम नव्हते. वरून आयात परवाना आणि जबर सीमाशुल्क. साधा रेडिओ बाळगायलाही पोस्टातून परवाना काढावा लागत होता, हे आज पोरांना सांगितले तर खरे वाटत नाही.

पण पैसा आणि कायदा एवढीच अडचण होती का, हे मला पाहायचे होते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी झेडएक्स-८० चीच नक्कल असलेला एक संच जोडून पाहिला. अशा नकला आज मिळतात, आणि त्या मिळू शकतात यातच या लेखाचा अर्धा मुद्दा आहे. झेडएक्स-८० मध्ये २१ आयसी होत्या. झेड-८० हा प्रोसेसर, ४ केबीची रॉम, १ केबी रॅमसाठी २११४ क्रमांकाच्या दोन चिप, आणि बाकी बहुतेक ७४ मालिकेतल्या साध्या लॉजिक चिप. रॉममधला मजकूर सोडला तर खास त्या कंपनीची अशी एकही चिप नाही. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही बऱ्या दुकानात यातले बहुतेक भाग तेव्हा असत आणि थोड्या शोधाने आजही सापडतात. (झेड-८० ची मूळ सुटी चिप बनवणे थांबवत असल्याचे झायलॉगने २०२४ साली जाहीर केले. १९७६ पासून ती चालू होती!)

जोडणीचे काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. आयसींचे नुसते पाय मोजले तरी तीनशेच्या वर भरतात, आणि प्रत्येक पायाला एक टाका. आधी रोधक बसवायचे, मग डायोड, मग आयसींचे सॉकेट. बुटके भाग आधी, उंच नंतर, म्हणजे बोर्ड उलटा केला तरी काही सुटून पडत नाही. आयसीच्या एका टोकाला खाच असते, ती बोर्डावरच्या खुणेला जुळली पाहिजे. टाका चकचकीत आणि पसरट बसला तर चांगला. मळकट गोळा झाला तर आत हवा राहिली समजावे. तांबट ज्याला डाख म्हणतात त्याचीच ही धाकटी जात. यातले एकही कौशल्य असे नाही की जे १९८० साली इथल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नव्हते. गँग, आयएफटी, स्पीकर, कॉइल अशा सुट्या भागांतून लोकल रेडिओ उभा करणारी माणसे तालुक्याच्या गावीही असत. त्यांच्यापुढे हा बोर्ड ठेवला असता तर संगणक म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही त्यांनी तो नीट जोडला असता, याबद्दल मला शंका नाही.

अडचण जोडून झाल्यावर सुरू झाली असती. हे यंत्र स्वस्त होते कारण त्याने घरातल्या दोन वस्तू गृहीत धरल्या होत्या : पडदा म्हणून टीव्ही आणि साठवण म्हणून कॅसेट प्लेअर. कॅसेट आपल्याकडे आली, आणि दणक्यात आली. ऐंशीच्या दशकात तुळजापुरात देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी प्रसादाच्या जोडीने विकल्या जात. त्याच प्लेअरवर झेडएक्स-८० चा प्रोग्रॅम किरकिर आवाजाच्या रूपाने उतरवता आला असता. टीव्हीचे मात्र वेगळे होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुढच्या वर्षी पुणे. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा १९७५ चा 'साइट' प्रयोग आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यात झाला. आळंदच्या बाजूला टीव्ही आणि उमरग्याच्या बाजूला नाही, कारण मधून राज्याची सीमा जात होती. छोट्या गावांपर्यंत टीव्ही पोचला तो १९८४ च्या सहक्षेपण केंद्रांमुळे. त्या वर्षी काही महिने देशात जवळपास दिवसाला एक केंद्र उभे राहत होते.

आणि टीव्ही असता तरी एक खोच होतीच. झेडएक्स-८० आपले चित्र यूएचएफ पट्ट्यात, ३६ व्या चॅनेलवर पाठवी, कारण इंग्लंडातले टीव्ही तो पट्टा पकडत. आपले दूरदर्शन व्हीएचएफवर चाले, आणि त्या काळच्या आपल्या बहुतेक कृष्णधवल संचांचा कटकट वाजणारा बाराखणी ट्यूनर तेवढेच पकडी. म्हणजे इंग्लंडातून कुणा पाहुण्याने बॅगेतून किट आणले, इथल्या कारागिराने ते जोडले, तरी पडद्यावर नुसत्या मुंग्याच! आजच्या नव्या संचातून थेट व्हिडिओ सिग्नल निघतो, म्हणून मला हे भोगावे लागले नाही. त्या काळी मॉड्युलेटरच बदलायला हवा होता, आणि तो कसा बदलायचा हे जाणणारा माणूस पुन्हा टीव्ही दुरुस्त करणाराच.

यंत्र चालू झाल्यावर काय मिळे? १ केबी, म्हणजे १,०२४ बाइट. पडदा अक्षरांनी पूर्ण भरला तर त्यातला पाऊण हिस्सा पडद्यालाच लागे. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. त्या हिशेबाने हा परिच्छेदही त्या यंत्रात मावला नसता. प्रोसेसर स्वतःच चित्र काढत असल्याने तो आकडेमोडीला लागला की पडदा कोरा होई. लाईट गेली की सगळे पुसले जाई, आणि आपल्याकडे लाईट जाण्याला कधी तोटा नव्हता.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८१ मध्ये, झेडएक्स-८१ आला. किट ४९.९५ पौंड. आता २१ आयसींच्या जागी फक्त ४. फेरांटी कंपनीने खास बनवलेल्या यूएलए नावाच्या एका चिपने अठरा चिपांचे काम उचलले होते. जोडायला सोपा, किंमतीला स्वस्त. इंग्रजी इतिहासकार हे प्रगती म्हणून सांगतात, आणि त्यांच्या जागेवरून ती आहेच. पण आपल्या जिल्ह्याच्या जागेवरून पाहा. झेडएक्स-८० मधली ७४ मालिकेतली चिप जळली तर ती मुंबईहून आणता आली असती. शहराला तेव्हा रेल्वे नव्हती, बार्शी लाईटची अरुंद गाडी येडशीवरून लातूरला जाई; पण एसटी होती, टपाल होते. यूएलए जळली तर मात्र ते यंत्र पेपरवेट.

सिंक्लेअरचीच पुढची पिढी भारतात रीतसर आली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला. १९९० च्या सुमारास तो बाजार आटला. त्याच्याही पोटात यूएलएच होती. १९८४-८५ मध्ये सरकारने 'क्लास' प्रकल्पातून सुरुवातीला २५० शाळांना बीबीसी मायक्रो दिले. तेही तयार यंत्र. बिघडले की शाळेने वाट पाहायची.

आपल्याकडे 'किट' हा शब्द रुजला तो दुसऱ्याच वाटेने. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्याच लाटेत धाराशिवला तेरणाचे महाविद्यालय आले. अशा प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ८०८५ चे मायक्रोप्रोसेसर किट असे. नावाला किट, पण येई जोडूनच. चार आकडे पत्त्याचे, दोन आकडे मजकुराचे, खाली बटणे. ५ आणि ३ ची बेरीज करायला ३ई, ०५, सी६, ०३, ३२, ५०, २०, ७६ असे एकेक बटण दाबत जायचे आणि २०५० या पत्त्यावर ०८ सापडले की वहीवर सही मिळे. हास्यास्पद वाटेल, पण प्रोसेसर खरोखर काय करतो हे त्या बटणांनी जितके शिकवले तितके नंतरच्या कुठल्याही रंगीत पडद्याने शिकवले नाही, असे माझे मत आहे.

आणि मग ज्याने खरा फरक पाडला ते यंत्र. १९८१ चा आयबीएमचा पीसी घाईत, बाजारात मिळणाऱ्या भागांतून बांधलेला होता. आयबीएमची स्वतःची म्हणावी अशी मोक्याची गोष्ट म्हणजे त्यातला बायॉस. आणि दोन-तीन वर्षांत इतरांनी तोही नव्याने लिहून काढला. त्यानंतर मदरबोर्ड कुणाचाही, कार्ड कुणाचेही, सगळे एकमेकांत बसू लागले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली. दिल्लीतल्या टीकाकारांनी सुटे भाग आणून जोडण्याला 'स्क्रूड्रायव्हर उद्योग' म्हणून नाके मुरडली. देशाने स्वतः चिप बनवावी हा त्यांचा आग्रह रास्तच होता. पण स्क्रूड्रायव्हर धरणारा हात लॅमिंग्टन रोडवरून पुणे-सोलापूरमार्गे आमच्याकडे आला, तेव्हाच संगणक इथे टिकला. झेडएक्स-८० साठी जे खरे ठरले असते तेच इथे खरे ठरले : भाग सुटा मिळतो म्हणून यंत्र दुरुस्त होते, आणि दुरुस्त होते म्हणून लोक ते घेतात. दोन संगणकांतून एक चालू करणे, रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासून पुन्हा बसवणे, जळका एसएमपीएस बदलणे. हे करणारी बरीच मुले टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावरून उठून आली होती.

या माणसांची नोंद कुठे आहे? जिल्ह्याचे गॅझेटियर १९७२ चे. सरकारी कागदांत अभ्यासक्रमांची नावे तेवढी सापडतात, आणि ती बोलकी आहेत. आयटीआयमधला जुना ट्रेड 'मेकॅनिक, रेडिओ अँड टीव्ही'. संगणकाबरोबर आलेला ट्रेड 'कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट', म्हणजे कोपा. एकाच्या नावात मेकॅनिक, दुसऱ्याच्या नावात ऑपरेटर. असेम्बल करणारा या दोन्हींच्या मधे उभा होता, आणि त्याला त्या नावाचे प्रमाणपत्र कुणी दिले नाही. त्याचा कागद म्हणजे दुकानाचे पावतीपुस्तक : कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी, कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, एकाखाली एक, प्रत्येकापुढे किंमत, आणि सगळ्यांत शेवटी, कधी दोनशे तर कधी नुसतीच रेघ, 'जोडणी'.