एका जीबीच्या फ्लॉप्या किती?

मोबाइलमधला एक व्हिडिओ किती फ्लॉप्यांवर मावला असता, असली गणितं हल्ली करमणूक म्हणून मांडली जातात. एका जीबीचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: १००० भागिले १.४४, म्हणजे ६९५ फ्लॉप्या. भागाकार बरोबर आहे, पण ज्याने भागलं तो १.४४ हा आकडाच मुळात संशयास्पद आहे. फ्लॉपी माप म्हणून वापरायची तर आधी ते माप तपासायला हवं, आणि तपासलं की लक्षात येतं की फ्लॉपी हे एकच एक माप कधी नव्हतंच.

आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणलेली फ्लॉपी आठ इंची होती आणि तिच्यात जेमतेम ८० केबी मावत. पुढे सव्वापाच इंची आली, १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची आली. आज डोळ्यांसमोर येते ती सरकत्या पत्र्याची, टणक कवचाची फ्लॉपी १९८७ च्या आयबीएम पीएस/२ संगणकांबरोबर रुळली. तिच्या चकतीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. १०२४ ने भागलं की नेमके १४४० केबी, म्हणजे आधीच्या ७२० केबीच्या फ्लॉपीची दुप्पट. इथवर हिशेब चोख. पण १४४० चे एमबी करताना १००० ने भागलं गेलं आणि लेबलवर १.४४ उमटलं. पहिली पायरी १०२४ ची, दुसरी १००० ची! सरळ दशमानाने ही फ्लॉपी १.४७ एमबीची होते, १०२४ च्या हिशेबाने १.४१ ची, १.४४ दोन्हींत बसत नाही. हा घोळ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने किबीबाइट, मेबीबाइट अशी वेगळी नावं ठरवली ती १९९८ च्या अखेरीस, आणि त्याच वर्षी ॲपलचा आयमॅक फ्लॉपी ड्राइव्हशिवाय विक्रीला आला होता.

शिवाय १४,७४,५६० बाइट सगळेच्या सगळे आपल्या वाट्याला येत नसत. डॉसने फॉरमॅट केलं की बूट सेक्टर, फाइलींच्या जागांचे दोन तक्ते आणि मुख्य डिरेक्टरी यांत ३३ सेक्टर जात. उरत १४,५७,६६४ बाइट. तेव्हा एका जीबीच्या फ्लॉप्या किती? जीबी शंभर कोटी बाइटचा धरला आणि फ्लॉपी पूर्ण मोजली, तर ६७९. जीबी १०२४ च्या हिशेबाचा आणि फ्लॉपी फॉरमॅट केलेली, तर ७३७. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने त्याच चकतीवर ट्रॅकमागे २१ सेक्टर बसवून १७,२०,३२० बाइट कोंबले. विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्यांच्या संचात बहुतेक फ्लॉप्या अशाच होत्या. गावोगावची पायली निराळी असावी, तसाच हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? प्रगती किती झाली याचा ढोबळ अंदाज आला की झालं. ६७९ काय आणि ७३७ काय. ढोबळ अंदाजापुरतं हे मान्य. पण हा अंदाज आकाराचा आहे, प्रगतीचा नाही, कारण मधल्या काळात मोजायची वस्तूही बदलली. मराठी मजकुराचंच पाहा. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीचं एक चिन्ह एका बाइटमध्ये बसे. आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ मध्ये त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच लाख चिन्हांची कादंबरी, त्यातल्या ८० हजार मोकळ्या जागा. इस्कीत ती पाच लाख बाइटची, फ्लॉपीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी. यूटीएफ-८ मध्ये मोकळी जागा एकाच बाइटची राहते, तरी तीच कादंबरी १३,४०,००० बाइटची होते आणि फ्लॉपी जवळजवळ भरते. आजच्या फाइलचा आकार घेऊन फ्लॉप्या मोजणारा त्या काळच्या मराठी लेखकाच्या नावावर जवळपास तिप्पट बोजा चढवतो.

आणि फ्लॉप्यांची संख्या वापरणाऱ्याला जाणवायची ती वेळेतून. चकती मिनिटाला ३०० फेरे घेई, एका फेऱ्यात एका बाजूचा एक ट्रॅक वाचून होई; १६० ट्रॅकना किमान ३२ सेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ६७९ फ्लॉप्या नुसत्या वाचायलाच सहा तास, बदलाबदलीचा वेळ वेगळा. मोठी फाइल तुकडे करून ठेवलेली असे; मधली एक फ्लॉपी वाचता आली नाही की पुढच्या सगळ्या निरुपयोगी. ६९५ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

गणित करायचंच असेल तर फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या, १४,५७,६६४ ने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरा, आणि फ्लॉपी कोणत्या फॉरमॅटची धरली ते उत्तराशेजारी लिहा.