वेंगुर्ल्याची तेरा वर्षे आणि न उचललेला वसूल

मालवणच्या किनाऱ्यावर १७६५ साली मुंबईकर इंग्रजांचे आरमार उतरले. त्यांनी कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्ग घेतला आणि सावंतांकडून रेडीचा यशवंतगड. सिंधुदुर्गाला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही देऊन झाले. परंतु किल्ला बाळगण्याचा खर्च परवडेना, म्हणून सुमारे ३ लाख ८२ हजार रुपयांच्या बोलीवर तो परत देण्याचे ठरले. (जिंकलेला किल्ला विकत परत देणे हा कंपनीचा आवडता व्यापार!)

आपली गोष्ट मात्र रेडीची.

१७६६ च्या तहात वाडीच्या खेम सावंतांकडे २ लाख रुपयांची मागणी झाली. खजिन्यात तेवढी रोकड नव्हती. मग वेंगुर्ल्याचा महाल विठोजी कोमती या सावकाराकडे १३ वर्षांसाठी गहाण पडला आणि हमीदाखल दोन ओलीस देण्यात आले. सावकाराच्या आग्रहास्तव वेंगुर्ल्यात इंग्रजांची लहानशी वखारही आली, कारण नुसत्या कागदावर त्याचा भरवसा नव्हता.

व्याज बाजूला ठेवले तरी २ लाख फिटण्यास दरसाल १५ हजारांहून अधिक वसूल हाती पडायला हवा होता. येथेच करार अडला. मराठी दप्तरात जमा निराळी, वसूल निराळा आणि बाकी निराळी. बंदरात गलबत लागले की जकात देय होते आणि पीक उभे राहिले की सारा देय होतो. पण वसुलीचा कारकून दारात जाईपर्यंत सावकाराच्या वहीतला आकडा जुनाच राहतो. शिवाय सावंतांच्या अंमलदारांनी वसुलीत अडथळे आणले, ओलीसही निसटले.

तेरा वर्षे सरली. सावंतांच्या लेखी मुदत संपली, महाल मोकळा झाला. इंग्रजांच्या लेखी रक्कम फिटलेली नव्हती. कर्ज वर्षांनी मोजायचे की हाती आलेल्या रुपयांनी? आणि धन्याच्याच माणसांनी अडवलेला वसूल कोणाच्या खाती धरायचा?

हा पेच जुना असला तरी शिळा नाही. २०२१ मध्ये इथेरियमवर आलेल्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत रोखता पुरवणाऱ्याचे शुल्क असेच साचत राहते. त्याच्या नोंदीतली ‘देय’ रक्कम शेवटच्या हालचालीच्या क्षणाची असते. मधल्या सौद्यांचे शुल्क तीत दिसत नाही. दुसऱ्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला खरी बाकी वाचायची असेल तर त्या पट्ट्यातील प्रतिएकक शुल्काचा आजचा एकूण आकडा घ्यावा, त्यातून नोंदीतला जुना आकडा वजा करावा, उरलेल्याला रोखतेने गुणावे आणि आधीची देय रक्कम मिळवावी. पैसा न उचलता हिशेब कळतो, कारण दोन्ही पक्षांची वही एकच आहे.

वेंगुर्ल्यात वह्या दोन होत्या, आणि दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तिसरा आकडा कोणाकडेच नव्हता. १७८० साली सावंतांनी वेंगुर्ल्यावर हल्ला करून ते ताब्यात घेतले. वखारही लुटली गेली. पुढे १८१२ च्या तहाने वेंगुर्ला इंग्रजांकडे गेले ते मात्र गहाण म्हणून नव्हे, कायमचे.