आधी मजकूर, मग यंत्र: पुण्याच्या अक्षरजुळणीची मुक्तस्रोताकडे वाटचाल

व्यवसायाची संगणकव्यवस्था मुक्तस्रोत प्रणालींवर, म्हणजे ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते अशा प्रणालींवर, टप्प्याटप्प्याने कशी न्यावी, याची चर्चा बहुधा यंत्रे, परवाना-शुल्क आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांभोवती फिरते. पुण्यातील प्रकाशन आणि अक्षरजुळणीच्या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर मात्र दिसते की मराठीत काम करणाऱ्यांची सर्वांत अवघड अडचण साठवलेल्या मजकुराची होती, आणि ती ज्यांनी आधी सोडवली त्यांनाच पुढचे टप्पे आपल्या सवडीने ठरवता आले.

पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, महासंगणकाच्या बरोबरीने भारतीय लिप्यांचेही काम हाती घेतले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान या केंद्रात आले आणि डॉसवर चालणाऱ्या साध्या संगणकात जिस्ट कार्ड बसवून देवनागरीत लिहिणे शक्य झाले. त्यामागची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने 1991 मध्ये मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक होता आणि तो वर्ण छापताना कसा दिसावा हा प्रश्न त्या क्रमांकापासून वेगळा ठेवलेला होता. पुढे युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीने देवनागरीसाठी केलेली मांडणी इस्कीच्याच 1988 च्या आराखड्यावर आधारलेली आहे. पाया असा लवकर आणि योग्य घातला गेला होता.

विंडोज आणि पेजमेकर ही पानमांडणीची प्रणाली आल्यावर छपाईचा व्यवसाय या पायावरून दूर गेला. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील डीटीपी, म्हणजे संगणकीय अक्षरजुळणीच्या, केंद्रांना तातडीने देखणी पाने हवी होती, आणि त्या काळी रोमन लिपीपुरत्याच बनवलेल्या पानमांडणीच्या प्रणालींत देवनागरी बसवण्याचा एकच व्यवहार्य मार्ग होता: रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, बसवलेले फॉन्ट वापरणे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ या काळात घराघरांत पोचली. तिने आणि तिच्यासारख्या इतर पॅकेजांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येक पॅकेजची तुकड्यांची मांडणी वेगळी होती, फॉन्ट काढून घेतला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग उरे, आणि अनेक पॅकेजे संगणकाला जोडलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत. त्यामुळे प्रकाशकाचा वर्षानुवर्षांचा मजकूर एका पॅकेजला, ते पॅकेज विंडोजला आणि विंडोज ठरावीक यंत्राला बांधले गेले.

दरम्यान मुक्तस्रोताची बाजू पुण्यातच बळकट होत होती. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप आणि मॉडेल कॉलनीतील सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत भरणारी ‘ग्नुनिफाय’ परिषद यांनी लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली जाणणारी एक पिढी घडवली. लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट या कंपनीने 2004 मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे युनिकोड फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांची पुढची देखभाल बऱ्याच अंशी कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली. 2011 मध्ये हे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखाली आले, ज्यात फॉन्ट कोणत्याही पुस्तकात, कोणत्याही यंत्रावर विनाशुल्क वापरता येतो. लिब्रे ऑफिस हा मुक्तस्रोत कार्यालयीन प्रणालींचा संचही 2011 पासून उपलब्ध होता. म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब आणि हस्तलिखिताची नोंद यांसाठी लिनक्सवर मराठी काम करणे तेव्हाच शक्य झाले होते.

तरीही बहुतेक ठिकाणी स्थलांतर अडले ते पानमांडणीपाशी. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 मधली. तिला युनिकोड देवनागरी कळत नसे. म्हणून लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेले हस्तलिखित डीटीपी केंद्रात जुन्या फॉन्टमध्ये उलट रूपांतरित होई आणि पुस्तक छापून झाले की शुद्ध केलेली अंतिम प्रत पुन्हा त्याच बंदिस्त स्वरूपात साठे. रूपांतरही सरळ नसते: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते, तर युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. हा क्रम बदलताना जोडाक्षरे हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तिने 2003 मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक हलवले आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. तेथेही सर्वांत चिकट काम कागदपत्रांचे नमुने आणि मॅक्रो बदलण्याचे होते. पुण्यातील व्यवसायांना याच्या जोडीला लिपीचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांच्या आराखड्यात मजकुराचे रूपांतर सर्वांत आधी येणे अपरिहार्य होते. त्यानंतर विंडोजवरच लिब्रे ऑफिस, मग मुक्त फॉन्ट, आणि कार्यप्रणालीचा बदल सर्वांत शेवटी. पानमांडणीची अडचणही आता उरलेली नाही, कारण पानमांडणीच्या मुक्तस्रोत प्रणालींपैकी झीटेक्सने 2004 पासून आणि स्क्रायबसने 2017 च्या 1.5.3 या आवृत्तीपासून देवनागरीसारख्या जटिल लिप्या हाताळण्यास सुरुवात केली आहे.

जुन्या फॉन्टमधील फायली आजही अनेक प्रकाशकांकडे पडून आहेत. कोणती फाईल कोणत्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीत जुळवली होती, हे पुष्कळदा फक्त ती जुळवणाऱ्या ऑपरेटरला ठाऊक असते. ही माणसे कामावर आहेत तोवर प्रकाशकांनी त्यांना सोबत बसवून आपला मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा. नवे संगणक घेण्याचा विचार त्यानंतर करता येईल.